भूमितीतील आरसा कोठे ठेवावा?

लेखाच्या आरंभीच वाचकांना एका लहानशा प्रयोगाची विनंती करतो. वर्तमानपत्राचे एक सुटे पान घ्यावे आणि त्याची घडी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, घालावी. घडी घालण्यापूर्वी मात्र मनाशी एक उत्तर निश्चित करावे : पानाचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्या भागावर तंतोतंत बसेल की नाही? आयताच्या कर्णामुळे दोन एकरूप त्रिकोण तयार होतात, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे 'बसेल' असे उत्तर देण्याचा मोह होतो. घडी घातली की ते उत्तर चुकल्याचे दिसते. त्रिकोण एकरूप आहेत यात शंका नाही, परंतु घडी घालून एक दुसऱ्यावर बसत नाही. कागदाची दोन टोके दोन बाजूंना बाहेर डोकावत राहतात.

इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात 'आयताला सममितीचे अक्ष किती?' असा प्रश्न विचारला, तर 'चार' हे उत्तर हमखास ऐकू येते. दोन मधल्या रेषा आणि दोन कर्ण, असा हिशेब मुले मांडतात. खरे उत्तर दोन हे आहे. शिक्षक चूक दुरुस्त करतात, मुले 'आयत – दोन, चौरस – चार, वर्तुळ – असंख्य' अशी यादी वहीत लिहून घेतात आणि पुढच्या परीक्षेत उत्तर बरोबर येते. पण कर्ण का चालत नाही, हा प्रश्न तसाच राहतो. भूमितीच्या शिक्षणातील एक मोठी उणीव या लहानशा प्रसंगात दडलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या रेषेपासून भूमितीतील तर्काला अत्यंत सोपेपणाने आरंभ करता आला असता, ती परावर्तनाची रेषा आपण मुलांना ओळखायला शिकवतो, समजून घ्यायला शिकवत नाही.

फुलपाखराची सवय

सममितीची मुलांशी पहिली भेट चित्रांतून होते. फुलपाखरू, पिंपळाचे पान, माणसाचा चेहरा, देवळाचे शिखर. प्रत्येक चित्राच्या मधोमध एक उभी तुटक रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजू 'सारख्या' असतात. आरंभ म्हणून यात काहीच वावगे नाही. वावगे आहे ते एवढेच की, पुष्कळदा शेवटही तेथेच होतो. अक्ष हा उभा असतो, तो आकृतीच्या मध्यातून जातो आणि त्याच्या दोन्हीकडे सारखे दिसते, अशी तीन लक्षणांची एक सवय मुलाच्या डोळ्यांना लागते. त्या सवयीलाच आपण ज्ञान समजून पुढे जातो.

ही सवय किती फसवी आहे, हे आपल्या घराच्या उंबरठ्यावरच पाहता येते. रांगोळीत काढलेले कमळ घ्या. त्याच्या पाकळ्या सारख्या असतील, तर त्याला अनेक अक्ष असतात आणि कोणत्याही अक्षावर घडी घातली असता पाकळीवर पाकळी बसेल. त्याच्याच शेजारी काढलेले स्वस्तिक पाहा. ते तितकेच रेखीव आहे, त्याच्या चारही भुजा सारख्या आहेत आणि तरीही त्याला परावर्तनाचा एकही अक्ष नाही. कोणत्याही रेषेवर आरसा धरला तरी त्यात दिसणारे स्वस्तिक उलट्या दिशेने वळलेले दिसेल. स्वस्तिक पाव फेरा फिरवले तर स्वतःवर बसते, परंतु घडी घालून कधीही बसत नाही. समांतरभुज चौकोनाची गोष्टही अशीच आहे. तो आयत किंवा समभुज चौकोन नसेल, तर त्याला एकही अक्ष नसतो. अर्धा फेरा फिरवला मात्र की तो आपल्या जागी परत येतो. फिरवून जुळणे आणि घडीने जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आयताच्या कर्णावरचे दोन त्रिकोणही फिरवून जुळतात, घडीने नव्हे. आरंभीच्या प्रयोगातील कोड्याचे उत्तर हेच आहे.

आपल्या राष्ट्रध्वजाचा विचार करावा. त्यातील अशोकचक्राला २४ आरे आहेत, म्हणून एकट्या चक्राला २४ अक्ष आहेत. समोरासमोरच्या आऱ्यांमधून जाणारे बारा आणि दोन आऱ्यांच्या फटीतून जाणारे बारा. परंतु संपूर्ण ध्वजाला एकच अक्ष आहे, तो म्हणजे मधोमध जाणारा उभा. आडव्या मध्यरेषेवर घडी घातली तर आकार जुळतो, पण केशरी रंग हिरव्यावर पडतो. 'काय जुळायला हवे?' हा प्रश्न आधी ठरवल्याशिवाय 'किती अक्ष?' या प्रश्नाला अर्थ नाही, हा धडा एवढ्या एका उदाहरणातून मिळतो. पाठ्यपुस्तकातील सममितीच्या पानावर इंग्रजी 'ए', 'एच', 'एम' ही अक्षरे का येतात आणि आपली अक्षरे का येत नाहीत, हेही मुलांना विचारून पाहावे. आपल्या पुष्कळ अक्षरांचा दंड उजव्या बाजूला असतो, त्यामुळे उभा अक्ष तेथे टिकत नाही. 'ठ'सारखे एखादेच अक्षर त्याच्या जवळपास येते. हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर वर्णमाला आणि भूमिती या दोहोंकडे त्यांचे अधिक बारकाईने लक्ष जाईल.

घडी काय सांगते?

मग परावर्तनाची रेषा म्हणजे नेमके काय? त्याचे उत्तर कागदाच्या घडीत आहे आणि ते चार वाक्यांत सिद्ध करता येते. पातळ कागदावर 'प' हा शाईचा ओला ठिपका काढा आणि कागदाची कोठेही घडी घाला. ठिपक्याचा ठसा दुसऱ्या बाजूवर उमटेल, त्याला 'फ' म्हणू. कागद उलगडून प आणि फ सरळ रेषेने जोडा. ही रेषा घडीला जेथे छेदते तो बिंदू 'म'. आता पुन्हा घडी घाला. प हा फवर पडतो आणि म जागचा हलत नाही, म्हणून पम आणि मफ ही अंतरे समान आहेत. म पाशी घडीच्या एका अंगाला असलेला कोन दुसऱ्या अंगाच्या कोनावर बसतो, म्हणून ते दोन कोनही समान आहेत. ते एकाच सरळ रेषेवर शेजारी शेजारी आहेत, त्यांची बेरीज १८० अंश, म्हणून प्रत्येक कोन ९० अंशांचा. म्हणजेच घडीची रेषा पफ या रेषाखंडाला मधोमध आणि काटकोनात छेदते. ती त्याची लंबदुभाजक आहे.

परावर्तनाच्या रेषेची संपूर्ण व्याख्या यात आली. प्रत्येक बिंदू आणि त्याची प्रतिमा यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक तो अक्ष. अक्षावरचे बिंदू मात्र स्वतःच स्वतःची प्रतिमा असतात. यात 'उभी' हा शब्द नाही, 'मध्यभागी' हा शब्द नाही आणि 'सारखे दिसते' हे शब्दही नाहीत. आकृती आणि तिची प्रतिमा दिली असता अक्ष कसा शोधावा, याचे उत्तरही यातच आहे. एखादा बिंदू त्याच्या प्रतिमेशी जोडावा आणि कंपासने त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढावा. दुसऱ्या एखाद्या बिंदूने पडताळा घ्यावा. पडताळा जुळला नाही, तर ती प्रतिमा आरशातली नव्हेच, असा निर्णय निःशंकपणे देता येतो.

आता पुन्हा वर्तमानपत्राच्या पानाकडे वळू. या वेळी पानाचा एक कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर नेमका ठेवावा आणि घडी दाबावी. बहुतेकांची अपेक्षा अशी असते की, ही घडी दुसऱ्या कर्णावर पडेल. ती तेथे पडत नाही. पान चौरस असते तरच तसे घडले असते. घडी पानाच्या मध्यबिंदूतून जाते खरी, पण पहिल्या कर्णाला काटकोन करून जाते, कारण ती त्या कर्णाचा लंबदुभाजक आहे. ही रेषा त्या दोन कोपऱ्यांपुरती परावर्तनाची रेषा आहे. संपूर्ण पानाचा मात्र ती सममितीचा अक्ष नाही. दोन बिंदूंमधील आरसा आणि संपूर्ण आकृतीचा आरसा हा भेद एका घडीत असा स्पष्ट होतो. तो फळ्यावर समजावून सांगण्यास तास पुरत नाही.

व्याख्या नसेल तर काय होते, हे तिरक्या अक्षाच्या वेळी कळते. चौकटीच्या कागदावर डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे, घराघराच्या कर्णावरून जाणारा अक्ष काढा. अक्षाच्या वर डावीकडे एक बिंदू असा घ्या की, तेथून उजवीकडे तीन घरे गेल्यावर अक्ष भेटतो. पुष्कळ मुले तशीच आणखी तीन घरे उजवीकडे जातात आणि तेथे प्रतिमा काढतात. फुलपाखराने लावलेली सवय ती हीच. खरी प्रतिमा मिळवण्यासाठी अक्षापाशी पोहोचल्यावर काटकोनात वळून तीन घरे खाली उतरावे लागते, म्हणजे मूळ बिंदू आणि प्रतिमा यांना जोडणारी रेषा अक्षाशी काटकोन करते. हा दोष केवळ आपल्याकडील मुलांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या गणिती आकलनाचा जो विस्तृत अभ्यास १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यातही तिरका अक्ष मुलांना विशेष अवघड जातो आणि ती प्रतिमा आडवी किंवा उभी सरकवतात, असेच आढळून आले होते. चूक मुलाच्या बुद्धीत नसून त्याला दिलेल्या उदाहरणांच्या एकसुरीपणात आहे.

पाच प्रमेये, एक रेषा

एवढ्या एका व्याख्येसाठी इतका आग्रह कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माध्यमिक शाळेच्या भूमितीतच आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात. रेषाखंडाच्या लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू त्याच्या दोन्ही टोकांपासून समदूर असतो. कोनदुभाजकावरील प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर असतो. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान असतात. ही पाच प्रमेये विद्यार्थी निरनिराळ्या प्रकरणांत, निरनिराळ्या आकृत्यांसह आणि 'पक्ष, साध्य, रचना, सिद्धता' या चौकटीत पाचदा पाठ करतो. पाचही ठिकाणी आकृतीत एक घडीची रेषा आहे आणि पाचही विधाने त्या घडीने उघड होतात, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

स्पर्शिकेचे उदाहरण घेऊ. बाहेरचा बिंदू आणि वर्तुळाचे केंद्र यांना जोडणारी रेषा हा आरसा माना. तो केंद्रातून जातो, म्हणून वर्तुळ स्वतःवरच पडते. बाहेरचा बिंदू आरशावरच आहे, म्हणून तो जागचा हलत नाही. त्या बिंदूतून जाणारी एक स्पर्शिका परावर्तित झाल्यावर त्याच बिंदूतून जाणारी, त्याच वर्तुळाची स्पर्शिका होणार. आणि तशी दुसरी एकच स्पर्शिका आहे. म्हणून पहिली दुसरीवर पडते आणि दोन्ही खंड समान ठरतात. ही सिद्धता पाठ करावी लागत नाही. एकदा पाहिली की ती विसरणे कठीण आहे.

समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाला तर मोठा इतिहास आहे. युक्लिडने पहिल्या पुस्तकात पाचव्या क्रमांकावर हे प्रमेय मांडले आणि त्यासाठी भुजा खाली वाढवून एक गुंतागुंतीची रचना केली. ती ओलांडणे मठ्ठ विद्यार्थ्याला जमत नाही म्हणून की काय, युरोपात या प्रमेयाला 'गाढवांचा पूल' असे नाव पडले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने याच प्रमेयाची जी सिद्धता दिली, तिला एकाही जादा रेषेची गरज नाही. अबक त्रिकोणात अब आणि अक या बाजू समान आहेत. आता या त्रिकोणाची तुलना त्याच्याच आरशातील रूपाशी, म्हणजे अकब या त्रिकोणाशी करावी. पहिल्याची अब ही बाजू दुसऱ्याच्या अक बाजूइतकी, 'अ' कोन दोघांत समाईक, पहिल्याची अक बाजू दुसऱ्याच्या अब बाजूइतकी. बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून 'ब' कोन 'क' कोनाइतका. त्रिकोण स्वतःच्याच प्रतिमेशी एकरूप आहे, एवढाच यातील युक्तिवाद. त्याचे लाघव इतके आहे की, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपण फसवले तर गेलो नाही ना, असे वाटते. परंतु फसवणूक कोठेच नाही.

१८७२ साली जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने भूमितीकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मांडली. आकृतींवर कोणती रूपांतरे केली असता त्यांचे कोणते गुणधर्म अबाधित राहतात, याचा अभ्यास म्हणजे भूमिती, असा तिचा आशय होता. त्या दृष्टीने पाहता शाळेतल्या एकरूपतेचे सारे रहस्य परावर्तनात आहे. प्रतलातील कोणत्याही दोन एकरूप आकृती जास्तीत जास्त तीन परावर्तनांनी एकमेकींवर आणता येतात. दोन समांतर अक्षांत लागोपाठ परावर्तन केले की आकृती त्या अक्षांमधील अंतराच्या दुप्पट सरकते. दोन छेदणाऱ्या अक्षांत केले की ती त्यांच्यामधील कोनाच्या दुप्पट फिरते. सरकणे आणि फिरणे या दोन्ही क्रिया आरशांतून निर्माण होतात, परंतु आरसा मात्र कितीही सरकवल्याने किंवा फिरवल्याने निर्माण होत नाही. मुले 'बाकोबा', 'कोबाको', 'बाबाबा' हे मंत्र म्हणत असतात, त्यांच्या मुळाशी हा विचार आहे.

नदी, आरसा आणि कॅरम

या रेषेचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. एक जुना प्रश्न असा : नदीच्या एकाच तीरावर एक गाव आणि एक कुरण आहे. गुराख्याने गावातून निघून नदीवर गुरांना पाणी पाजावे आणि मग कुरणात जावे. सर्वांत कमी चाल पडण्यासाठी त्याने नदीवर नेमके कोठे जावे? नदीची सरळ कड हा आरसा मानून कुरणाची प्रतिमा पैलतीरावर काढा. नदीवरील कोणत्याही बिंदूपासून खरे कुरण आणि प्रतिमेचे कुरण ही सारख्याच अंतरावर असतात, कारण तो बिंदू दोहोंमधील लंबदुभाजकावर आहे. म्हणून गाव ते प्रतिमा ही सरळ रेषा नदीला जेथे छेदते, तेच पाणी पाजण्याचे ठिकाण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हेरॉन याने प्रकाशाचा किरण आरशावरून याच लघुत्तम मार्गाने परततो, हे याच युक्तीने दाखवले होते. गुराख्याचा मार्ग आणि प्रकाशाचा मार्ग यांचे गणित एकच आहे.

कॅरम खेळणारा मुलगा हेच करतो. सोंगटी समोरच्या काठावर आपटून भोकात घालायची असेल, तर ते भोक काठापलीकडे जेथे असल्यासारखे वाटेल तेथे नेम धरावा. सोंगटीची घसरण आणि फिरत यांमुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो खरा, पण मूळ हिशेब परावर्तनाचा आहे. कपड्यांच्या दुकानात डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला पाहण्यासाठी केवढा आरसा लागेल, हाही असाच प्रश्न. योग्य उंचीवर लावला, तर आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो आणि मागे सरकल्याने यात काही फरक पडत नाही. प्रतिमा आरशाच्या मागे नेमकी तितक्याच अंतरावर असते, म्हणून आरसा डोळे आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर येतो, एवढेच त्याचे कारण. हे ऐकून मोठी माणसेही वाद घालतात. असा वाद वर्गात झाला, तर भूमितीच्या तासाला त्याहून चांगला आरंभ कोणता?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

येथे दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, घडी म्हणजे सिद्धता नव्हे. आकृती उचलून दुसरीवर ठेवण्याची पद्धत युक्लिडलाही फारशी मानवत नसावी, कारण त्याने ती अगदी मोजक्या ठिकाणी वापरली आहे. १८९९ साली डेव्हिड हिल्बर्टने भूमितीची गृहीतके नव्याने बांधली, तेव्हा बाकोबा कसोटीचा गाभाच गृहीतक म्हणून स्वीकारणे त्याला अधिक प्रामाणिकपणाचे वाटले. इंग्लंडमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या शालेय गणिताच्या प्रकल्पाने परावर्तन, परिभ्रमण आणि स्थानांतरण यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. पुढे तेथेच अशी तक्रार ऐकू येऊ लागली की, मुले आकृत्या सुंदर उलटवतात, परंतु काहीच सिद्ध करीत नाहीत. हा इशारा आपण ध्यानात ठेवला पाहिजे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे नाही की सिद्धतेच्या जागी घडी आणावी. म्हणणे असे आहे की, घडीने प्रश्न उभा करावा, लंबदुभाजकाच्या व्याख्येने त्याला शब्द द्यावेत आणि मग सिद्धतेने त्याचा निकाल लावावा. आज आपल्याकडे प्राथमिक शाळेत नुसती घडी आहे आणि माध्यमिक शाळेत नुसती सिद्धता आहे. त्या दोहोंमधली व्याख्येची पायरी कोणीतरी काढून टाकल्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि साधनांचा. साठ मुलांचा वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि डोक्यावर परीक्षा, यांत प्रयोगांना सवड कोठून आणायची? शिक्षकांची ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार बाहेरून लिहिणाऱ्याला नाही. परंतु या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, पडदा लागत नाही. वहीचा एक कोरा कागद पुरतो. आपल्याच देशातील एका गृहस्थाने हे सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखवून दिले आहे. मद्रास इलाख्यातील महसूल खात्यात नोकरी करणारे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये 'जॉमेट्रिक एक्सरसाइजेस इन पेपर फोल्डिंग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पट्टी आणि कंपास बाजूला ठेवून केवळ कागदाच्या घड्यांनी चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन आणि त्यापुढील वक्ररेषाही कशा मिळवाव्यात, याचे ते पुस्तक. वर उल्लेखिलेल्या फेलिक्स क्लाइनने त्याची दखल घेतली आणि १९०१ साली शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या एका भारतीयाचे पुस्तक जगातील गणिताच्या शिक्षकांनी वाचले. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांत मात्र त्याचे नाव क्वचितच निघते.

परीक्षा काय विचारते?

अखेरीस सारे येऊन थांबते ते प्रश्नपत्रिकेपाशी. 'पुढील आकृतीचे सममितीचे अक्ष काढा' एवढाच प्रश्न असेल, तर यादी पाठ करणारा आणि समजून घेणारा हे दोघे सारखेच गुण मिळवतील. प्रश्न असा असावा : 'समांतरभुज चौकोनाचा कर्ण हा त्याचा सममितीचा अक्ष आहे, असे एक विद्यार्थी म्हणतो. तो केव्हा बरोबर असेल आणि केव्हा चूक? कारण द्या.' याचे उत्तर पाठ करता येत नाही. कर्ण हा अक्ष व्हायचा, तर उरलेले दोन शिरोबिंदू परस्परांच्या प्रतिमा असले पाहिजेत, म्हणजे त्यांना जोडणारा दुसरा कर्ण पहिल्याला काटकोनात दुभागला गेला पाहिजे. दुभागला तर तो नेहमीच जातो, काटकोनात मात्र चौकोन समभुज असेल तेव्हाच. तीन ओळींच्या या उत्तरात व्याख्या आहे, तर्क आहे आणि निर्णय आहे. अशा एका प्रश्नाने शिकवण्याची पद्धत जितकी बदलेल, तितकी दहा परिपत्रकांनी बदलणार नाही. तिरका अक्ष, अक्ष नसलेली आकृती आणि आकृती-प्रतिमेवरून अक्षाचा शोध, या तीन प्रकारांना पाठ्यपुस्तकाच्या उदाहरणसंग्रहात निश्चित जागा मिळाली, तर फुलपाखराची सवय मोडायला तेवढे पुरेसे आहे. आणि नववी-दहावीत ती पाच प्रमेये शिकवून झाल्यावर शिक्षकाने एक तास काढून पाचही आकृत्या फळ्यावर शेजारी शेजारी काढाव्यात आणि प्रत्येकीतील घडीची रेषा मुलांकडून शोधून घ्यावी. यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

'मला भूमिती कधी जमलीच नाही,' असे म्हणणारी सुशिक्षित माणसे आपल्या अवतीभोवती पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांना भूमिती कधी भेटलीच नाही, तिची पाठांतरे तेवढी भेटली. 'दिसते तसे आहे का?' हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचा निकाल डोळ्यांवर न सोपवता कारणांवर सोपवण्याची सवय लावणे, हेच शालेय भूमितीचे खरे काम आहे. शाळा सोडल्यावर प्रमेये विसरली जातात आणि विसरली जाण्याला हरकत नाही. ती सवय मात्र राहायला हवी, कारण दोन गोष्टी 'सारख्याच' आहेत असे सांगणारे लोक पुढे आयुष्यभर भेटत राहतात. त्या वेळी मधली रेषा कोठे आहे आणि अंतर दोन्हीकडे खरोखर समान आहे का, हे मोजून पाहणारा नागरिक हवा असेल, तर त्याची तयारी सातवीच्या वर्गात, वहीच्या एका कोऱ्या पानावर करावी लागेल.